घाटावरची हमी

आष्टा
१२ जानेवारी २०२५

ति. उदयसिंह भाऊजींना रेश्माचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. सगळी जिती हाय. आत्यांची तब्येतबी बरी हाय. फोन सोडून पत्र का, तर माझा फोन मी बंद करून पिठाच्या डब्यात ठिवलाय. चालू केला की बँकेची माणसं. आन तुमाला केला तर तुमी म्हणणार, "मीटिंगमधी हाय, संध्याकाळी बोलू." तुमची संध्याकाळ काय आष्ट्यापातुर पोचत न्हाई. कागद तरी तुमच्या टेबलावर पडून राहील.

आता मुद्द्याचं. ह्यांच्या दहाव्याला नदीवर काय झालं ते तुमाला आठवत असंल. पिंड मांडून ऊन चढलं तरी कावळा शिवंना. झाडावर बसून नुसता बघत हुता. भावकीतले आकारामतात्या म्हणाले, "रेश्माला अंतर देणार न्हाई." न्हाई शिवला. आत्या म्हणाल्या, "माझी काळजी करू नगं लेकरा." तरी न्हाई. भटजीबी घड्याळ बघाय लागले. मग तुमी पुढं झालासा, हात जोडलासा आन म्हणालासा, "जया, बँकेच्या कर्जाचं माझ्याकडं लागलं. तू जा." आन कावळा उतरला. आत्या तितंच वाळूत बसल्या आन म्हणाल्या, सुटलं माझं पोरगं.

मागल्या दिवाळीला तुमी फोनवर सांगितलंसा की हळद पॉलिशच्या ड्रमासाठी घेतलेलं ते कर्ज सरकारी हमीचं हुतं, सरकारनं बँकेला पैसं भरलं, आता काळजी सोडा. सोडली. मग हे फोन कसलं?

ह्यांचा फोन आत्यांनी देवाच्या कोनाड्यात ठिवलाय. रोज चार्ज करत्यात, रिचार्ज मारून आणत्यात. सकाळी कामाची येळ झाली की वाजतो. पलीकडं एक पोरगी असती. "जयराज बोलताय का?" आत्या म्हणत्यात, "न्हाई बाई, ड्रमावर गेलाय. आला की सांगते." भाऊजी, खोटं बोलल्यासारखं बोलत न्हाईत त्या. पोरगं खरंच कामावर गेलंय तसं बोलत्यात, आन मग ताट वाढून झाकून ठिवत्यात. ते झाकलेलं ताट दुपारी मी खाते. दुसरं कोण खाणार, घरात आमी दोघीच.

आन आणखी एक. शेडला बँकेचं कुलूप हाय, लाईट तोडलेली हाय. एक कावळा पत्र्याच्या फटीतनं आत जातो आन भायर येतो तवा त्याचं पाय पिवळं. आत हळदीची भुकटी हाय, मला कळतंय. पर तो तितनं उडून नेमका आमच्या उंबऱ्यावर का येतो? रोज उंबऱ्यावर पिवळी पावलं. मी पुसाय गेले तर आत्या पुसू देत न्हाईत. म्हणत्यात, "गेला हुता त्यो. आता माघारी आलाय. उदयच्या शब्दाचं कायतरी चुकलंय."

काय चुकलंय तेवढं लिवा.

रेश्मा


खंडाळा, जि. सातारा
२१ जानेवारी २०२५

चि. रेश्मा, आशीर्वाद. मामीला माझा नमस्कार सांग.

तुझं पत्र शिपायाने सगळ्यांसमोर आणून दिलं. "साहेबांना हातानं लिहिलेलं पत्र!" म्हणून सगळा स्टाफ हसला. असो. तू विचारलंस ते बरं केलंस. हे माझं रोजचंच काम आहे. माझी बँक वेगळी, जयाची वेगळी, पण नियम सगळीकडे सारखेच.

जयाकडे गहाण टाकायला काही नव्हतं. घर आणि शेडची जागा मामीच्या नावावर. अशा माणसाला धंदा करता यावा म्हणून सरकारने एक हमी निधी केला आहे. निधी बँकेला सांगतो, तारण मागू नका, जामीनदार मागू नका, कर्ज द्या. बुडालं तर तुमच्या नुकसानीचा मोठा भाग आम्ही भरून देऊ. जया मोटरसायकलवरून सांगलीहून येताना गेला, हप्ते थांबले, कर्ज बुडालं. बँकेने कोर्टात दावा टाकला, कारण त्याशिवाय निधी पैसे देत नाही. मग निधीकडे मागणी केली आणि निधीने पैसे दिले. इथपर्यंत मी तुला दिवाळीत सांगितलं होतं.

जे सांगितलं नाही ते हे, की ही हमी बँकेला होती. जयाला नव्हती. बँकेचं नुकसान भरलं, जयाचं कर्ज तसंच आहे. पैसे मिळाले तरी बँकेने वसुली चालू ठेवायची आणि जे हाती येईल त्यातला निधीचा वाटा वर पाठवायचा, असा नियम आहे. म्हणून फोन. ती मुलगी बँकेचीही नाही. वसुलीच्या एखाद्या कंपनीत खुर्चीवर बसून समोर दिसणारी नावं वाचते. जया गेला हे तिला कुणी कळवलेलंच नसणार.

तुम्ही घाबरू नका. वारसांची जबाबदारी फक्त त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरती. ड्रम सोडला तर जयाचं होतं काय? ड्रम बँक विकेल आणि विषय संपेल. मृत्यूचा दाखला शाखेत पुन्हा दे, पोच घे. आणि स्वतःहून एक रुपयाही भरू नका.

कावळ्याचं म्हणशील तर शेडमध्ये उंदीर झाले असतील, त्यांच्या मागे जात असेल. फट बुजवून घे.

मामीला सांग, उदयने शब्द पाळला. जयाच्या बँकेच्या मॅनेजरला निधीकडच्या मागणीचे कागद नीट लावता येईनात, तेव्हा सुट्टी काढून आष्ट्याला येऊन मीच लावून दिले होते. लहानपणी मे महिनाभर तिच्याच हातचं खाऊन वाढलोय मी. तिला फसवेन का?

तुझा,
उदयसिंह


आष्टा
४ फेब्रुवारी २०२५

ति. भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र आत्यांनी मला परत परत वाचाय लावलं. "निधीने पैसे दिले" इथं आले की हात वर करायच्या. "थांब. ह्यो निधी नदीवर आला हुता का?" मी म्हणलं, न्हाई. "मग कावळ्याला शब्द निधीनं दिला का उदयनं?" आता ह्याचं मी काय उत्तर देऊ? नियम तुमाला ठावं, तुमीच द्या.

एक रुपया भरू नका म्हणालासा. ते आत्यांनी ऐकून घेतलं, आन दुसऱ्या दिवशी इरकल नेसून बँकेत गेल्या. मी मागनं पळत गेले. म्हशीच्या दुधाचं दोनशे रुपये काउंटरवर ठिवलं. कॅशियर म्हणाला, "आजी, एवढ्यानं काय हुतंय? राहू द्या की." आत्या म्हणाल्या, "तू घे. नाव जयराज लिव." आता दर सोमवारी जात्यात. दूध डेअरीला, पैसं बँकेला, आन आमाला चहा कोरा. त्या दोनशे रुपयाचं काय हुतं ते सांगा. ह्यांच्या कर्जातनं कमी हुत्यात का तुमच्या त्या निधीला जात्यात? मला रोज इचारत्यात.

फट बुजवली. तिथंच तर घोळ झाला. पत्रा ठोकाय गेले तवा हात शेडच्या भिंतीला लागला. भाऊजी, भिंत थरथरत हुती. लाईट न्हाई, मोटर न्हाई, भर दुपारची येळ, रस्त्यानं ट्रकबी न्हवता. ड्रम फिरताना तो पत्रा कसा थरथरतो ते मला चांगलं ठावं हाय. ह्यांच्यासंगं त्याच भिंतीला टेकून डबा खाल्लाय मी, ड्रम आणला त्या दिसापास्नं. शेवटचा खिळा कसाबसा ठोकला आन हातोडा तितंच टाकून घरी आले. आत्यांना काय सांगितलं न्हाई. त्यांनीच शेंगा फोडता फोडता इचारलं, "चालू हाय न्हवं?"

तुमाला ठावं हाय, मी भित्री न्हवं. पर भ्या वाटलं. लय भ्या वाटलं.

आन फट बुजवून काय झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर परत पावलं.

रेश्मा


खंडाळा
१५ फेब्रुवारी २०२५

चि. रेश्मा,

तुझ्या पाकिटाला हळद लागली होती. माझ्या टेबलावरच्या फायलींना डाग पडले आणि ते साहेबांना काय म्हणून सांगायचं? पुढच्या वेळी हात धुऊन लिही.

पत्रा उन्हाने तापतो, फुगतो, वाजतो. मामीसोबत चोवीस तास एका घरात राहून तुझंही डोकं फिरायला लागलंय. माहेरी चार दिवस जाऊन ये.

दोनशे रुपयांचं सांगतो. ते जयाच्या खात्याला जमा होतात. मग बँक हिशेब करून त्यातला निधीचा वाटा वर पाठवते. वर बसलेल्याला कळणारही नाही की हे आष्ट्यातल्या म्हशीचं दूध आहे. मामीने भरलं काय आणि न भरलं काय, कुणालाच फरक पडत नाही. तिला थांबव. या वयात दूध तोडून कर्ज कसलं फेडते ती?

आणि आता स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. घाटावर माणूस जे बोलतो ते कावळा उतरावा म्हणून बोलतो. ऊन झालं होतं, माणसं ताटकळली होती, मामी सकाळपासून उपाशी होती. कुणीतरी बोलायला हवं होतं, मी बोललो. सगळ्या गावात असंच चालतं. कुणी म्हणतं पोरीचं लग्न करून देतो, कुणी म्हणतं घर बांधून पुरं करतो, आणि तेराव्याचं जेवण झालं की आपापल्या गाडीत बसून जातात. त्यांना कुणी पत्रं लिहीत नाही. मी निदान कागद तरी लावून दिले. माझं घराचं कर्ज आहे, दोन पोरांची फी आहे. एका वाक्यासाठी तुम्ही मला असं किती दिवस धरून ठेवणार?

हे मामीला वाचून दाखवू नको.

उदयसिंह


आष्टा
३० मार्च २०२५, पाडवा

ति. भाऊजी, नमस्कार.

दाखवू नगा म्हणालासा, न्हाई दाखवलं. पर म्हाताऱ्या माणसाला पाकीट फोडल्याबरोबर कळतं. "काय म्हणतोय उदय?" "बरं हाय म्हणत्यात." "मग तुझं नाक का लाल झालं?" मी म्हणलं, मिरच्या कुटत हुते. घरात मिरची न्हवतीच.

एवढं दिस लिवलं न्हाई कारण राग आला हुता. आता न्हाई. आता गरज हाय.

आज गुढी उभारली न्हाई. आत्या म्हणाल्या, पोरगं दारात ताटकळत बसलंय आन गुढी कसली.

गेल्या बुधवारी ड्रमाचा लिलाव हुता. बँकेनं शेडवर नोटीस चिकटवली हुती. सांगलीचं दोन व्यापारी आलं, तासगावचा एक बेदाणेवाला आला, आपला दादासो आला, ज्याची हळद हे दरसाल पॉलिश करायचे. बँकेच्या साहेबानं कुलूप काढून दार सरकवलं. आत ड्रमावर कावळा बसलेला. फट बुजवलेली, कुलूप बँकेचं, चावी साहेबाच्या खिशात. कावळा हलला न्हाई, उडाला न्हाई, नुसता एकेकाच्या तोंडाकडं बघत हुता, नदीवर बघत हुता तसा. दादासोनं टोपी काढली आन म्हणाला, "साहेब, मालक अजून हितंच हाय की. मी न्हाई बोली लावणार." असं म्हणून चालाय लागला. बाकीचं त्याच्या मागनं. साहेब एकटाच हातात कागद धरून उभा. मला त्याची दया आली, त्याला च्या करून दिला.

आत्या आता एकडाव जेवत्यात. तेबी मी पुढ्यात बसले तर. म्हणत्यात, "त्यो धड वर न्हाई, धड खाली न्हाई. मी मेले आन गाठ पडली तर काय सांगू? सरकारनं भरलं म्हणून?" भाऊजी, ह्या बाईला सुखानं मरता येईना झालंय. बाकी सगळं जाऊ दे, मला तेवढंच पाहिजे. तिला सुखानं जाता आलं पाहिजे.

आता जे कुणाला सांगितलं न्हाई ते सांगते. नदीवर तुमी हात जोडलासा तवा मी मागं बायकांत उभी हुते. तुमचं बोलणं चालू हुतं आन मी पदर तोंडाला लावून मनातल्या मनात म्हणत हुते, "ड्रम बंद पडू देणार न्हाई. मी चालवीन. जावा तुमी." माझं म्हणून झालं आन कावळा उतरला. दहा दिसाची विधवा धंद्याचं बोलती म्हणून बायांनी मला सोलून काढलं असतं, म्हणून तोंड उघडलं न्हाई. सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं, मी गप बसले. पुढं कुलूपच पडलं.

मला वाटतंय, त्यो माझ्याच बोलण्यावर गेला हुता. आन ड्रम बंद हाय म्हणून माघारी आलाय. मला ड्रम मिळवून द्या. कसा मिळवायचा ते तुमाला कळतं.

रेश्मा


खंडाळा
१२ एप्रिल २०२५

चि. रेश्मा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि खरं सांगतो, कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. बायको म्हणाली, आज काय झालंय तुम्हाला? म्हणजे तो तुझा शब्द होता. अगं वेडे, आधीच सांगायचं ना! मी इथे उगाच जिवाला लावून घेतलं. झोपेतून उठून बसत होतो, पण ते जाऊ दे.

ड्रमाचं सोपं आहे. पहिल्या लिलावाला बोली आली नाही की दुसऱ्या वेळी बँक किंमत खाली आणते. दादासोसारखे घाबरलेत, हे आपल्या पथ्यावरच पडलं. तू तुझ्या नावाने बोली लाव. सोबत अर्ज भरून पाठवतोय, फुली केलीय तिथे सही कर. पैसे भरलेस की ड्रम तुझा. ती रक्कम जयाच्या खात्याला लागेल, त्यातला वाटा निधीला जाईल, आणि उरलेलं बँक बुडीत म्हणून एका बाजूला काढून ठेवेल. अशी हजारो खाती पडून असतात. कुणाचं काही अडत नाही.

त्या फोनचाही बंदोबस्त केला. मागल्या आठवड्यात आष्ट्याला येऊन शाखेत अर्ज दिला आणि जयाच्या खात्याला त्याच्या आणि तुझ्या नंबरऐवजी माझा नंबर लावून घेतला. यापुढे ती मुलगी मला फोन करेल. मी बघून घेतो तिला, बँकेच्या माणसाशी कसं बोलायचं ते कळेल. तू तुझा फोन पिठातून बाहेर काढ.

घरी यायला मात्र वेळ झाला नाही. शाखेतून सरळ स्टँडवर गेलो आणि निघालो. मामीला नमस्कार.

तुझा,
उदयसिंह


आष्टा
११ मे २०२५

ति. भाऊजी, नमस्कार.

ड्रम मिळाला! लिलावाला मी एकटीच हुते. साहेब म्हणाला, "ताई, आणखी कुणी हाय का?" मी म्हणलं, कावळा हाय, त्याला इचारा. बिचारा हसलाबी न्हाई.

पैशाला म्हस इकली. माझं धाडस हुईना, आत्यांनीच दावं सोडून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. दादासोनं स्वतः येऊन लाईटचं जोडून दिलं आन मागं राहिलेली त्याची हळद टाकून गेला. म्हणाला, चालू तर कर, बघू. हळकुंडं भरली, आत्यांनी ड्रमाला हात लावला, मी बटन दाबलं. गडगड सुरू झाली. पत्रा थरथराय लागला, आता खरा. रडू यायचं ते आलंच. कावळा पत्र्यावर बसला हुता, तो उडाला. आमच्यावरनं एक गिरकी मारली आन वर साताऱ्याच्या बाजूला निघून गेला. त्या दिसापास्नं उंबरा कोरा हाय.

रात्री आत्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, झालं, सुटलो. हात धुता धुता म्हणाल्या, "तुझा शब्द झाला पोरी. आन उदयचा?" मी म्हणलं, आत्या, कावळा माझ्या बोलण्यावर उतरला हुता. त्या म्हणाल्या, "कावळा एकदाच उतरला. ऐकलं त्यानं दोघांचं."

ह्यांचा फोन आता वाजत न्हाई. आत्या सकाळी सवयीनं कोनाड्यापुढं बसत्यात. परवा इचारलं, "आता कुणाला इचारत्यात जयराज हाय का म्हणून?" मी म्हणलं, उदय भाऊजींना. "बरं झालं," म्हणाल्या. "त्याच्याकडंच लागलं हुतं ते."

आन एक. आष्ट्याला आलासा तवा बँकेतनं सरळ स्टँडवर गेलो म्हणून लिवलंय. दादासो म्हणतोय, तुमी शेडसमोर दगडावर बराच वेळ बसला हुता, आन भिंतीला हात लावून बघत हुता. पत्रा तापला हुता का हो, भाऊजी?

रेश्मा


खंडाळा
२९ मे २०२५

रेश्मा,

ड्रम सुरू झाला, फार बरं वाटलं. जास्त लिहीत नाही. दोन गोष्टी विचारायच्या होत्या.

तो कावळा परत तिकडे आला आहे का? नीट बघून कळव. दादासोलाही विचार.

त्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, ते वारले. तिने सॉरी सर म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "जयराज बोलताय का?" तीच मुलगी, तोच आवाज. दाखल्याचा फोटो पाठवला, मिळाला म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रागावून बघितलं, तिच्या साहेबाशी बोललो. तो म्हणाला, काढून टाकलंय सर नाव. पुन्हा. आता फोन वाजायच्या आधीच मला कळतं, वाजणार आहे. मामी इतके महिने हे कसं ऐकत होती? तिला भीती वाटत नव्हती का, एवढं विचार.

उदय


आष्टा
८ जून २०२५

ति. भाऊजी,

कावळा हितं न्हाई. दादासोलाबी दिसला न्हाई.

आत्या अंथरुणाला लागल्यात. दुखत खुपत काय न्हाई. खात्यात, माझी चेष्टा करत्यात, पर उठवत न्हाई. डॉक्टर म्हणाला, वय झालं. तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं, ह्या टायमाला तुमी नगं म्हणाला न्हवता. भीतीचं इचारलं. म्हणाल्या, "लेकाचं नाव घेत हुती ती पोरगी. भ्या कसलं? ज्याचं द्यायचं राहिलंय त्याला भ्या." मग म्हणाल्या, "उदयला लिव, त्याच्यावर माझा राग न्हाई. त्याचा मामा गेला तवा ह्याच पोरानं मला धरून घरी आणलं हुतं."

वाट बघत्यात त्या. कुणाची, ते मी इचारलं न्हाई. तुमाला कळंल.

रेश्मा


खंडाळा
१५ जून २०२५

रेश्मा,

कावळा इथं आहे. तुझं पत्र यायच्या आधीपासून आहे. पहिल्यांदा ऑफिसच्या खिडकीत दिसला, आता घराच्या गॅलरीत बसतो. कठड्यावर पावलं उमटतात. बायको म्हणते, हळद सांडली कशी इथं? या बिल्डिंगीत कुणाच्या घरी हळद अशी उघडी नसते. ती पुसते, मी तिला पुसू नको म्हणतो. का म्हणतो ते मला सांगता येत नाही.

आज रविवार. रविवारी त्या पोरीचा फोन येत नाही. आज आला. कावळा समोर बसलेला, माझ्या तोंडाकडं बघत. "जयराज बोलताय का?" मी रोजच्यासारखं सांगणार होतो. दाखला, तारीख, वारस, नियम. सगळं तोंडपाठ आहे मला, दुसऱ्यांना शिकवतो मी ते. तोंड उघडलं आन आतनं आलं, "व्हय. बोलतोय."

ती दबक्या आवाजात म्हणाली, "सर, खरंच?" मी म्हणलं, व्हय गं बाई. किती राहिलंय आन कवा भरायचं, तेवढं सांग.

बायकोला सगळं सांगितलं. घरात पावलं पुसत बसण्यापेक्षा भरा म्हणाली. पहिला हप्ता आजच भरला, मोबाईलवरनं. पुढचं दर महिन्याला भरीन, पगार झाला की. माझ्या साहेबाला कळलं तर येड्यात काढंल. बँकेचं नुकसान कवाच भरून निघालंय, आता ह्यातला वाटाबी निधीलाच जाणार, तिथल्या कुणाला जयाचं नावसुद्धा ठाऊक नसणार. मला सगळं माहीत आहे गं. जाऊ दे तिकडं. नदीवर मी बोललो हुतो, निधी न्हाई.

मामीला सांग, ते माझ्याकडं लागलंय. ती जागी असंल तवा सांग, कानाशी तोंड नेऊन सांग. मी उद्या सकाळच्या गाडीनं येतोच हाय, पर मी पोचायच्या आधी तिनं जायचं ठरवलं तर अडवू नगं. हे पत्र पोष्टात टाकत न्हाई, आता रात्रीच्या सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतो. पहाटे पोचंल. तुझ्या फोनवर सांगितलं असतं, पर मामीनं ऐकायचं ते कागदावरनंच ऐकलंय आजवर.

कावळा अजून बसलाय. पाय पिवळेच हाईत.

उदय